लाल मुठीचा कोयता

खोली भाड्यानं देण्याआधी घरमालक काहीबाही विचारतात. नोकरी कुठं, गाव कोणतं, पाहुणेरावळे किती येतात. मी शहागडच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. हात पुढं करा, म्हणाले. मला वाटलं, झालं, ज्योतिषी निघाला. मी तळवा उताणा केला, तर त्यांनी त्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवला आणि मूठ आवळायला सांगितली.

मी आवळली. बोटांच्या फटींतून चिखल बाहेर आला.

"इतक्या जोरात न्हाई, मॅडम. भरली बादली उचलताना कडी धरता ना, तशी धरा. आता बराबर."

मग त्यांनी तो गोळा अलगद काढून घेतला, उन्हात धरून सगळीकडून बघितला आणि ओसरीतल्या फळीवर ठेवून दिला. फळीवर तसले वाळलेले गोळे ओळीनं मांडलेले होते, प्रत्येकावर कुणाच्या तरी बोटांच्या खुणा. त्या घराच्या ओसरीत अख्ख्या पंचक्रोशीच्या मुठी बसलेल्या होत्या. "खोली तुमची," ते म्हणाले आणि आत निघून गेले. भाड्याचं, विजेचं, पाण्याचं सगळं नंतर काकूंनी सांगितलं.

मी त्यांना काका म्हणायची. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या काट्यावर यायच्या, काका खिडकीआड बसलेले. खिडकी इतकी बुटकी की गाडीवानाचं तोंड कधी दिसायचंच नाही, पावती घ्यायला हात तेवढा आत यायचा. नोकरीभर त्यांनी हातच बघितले. घट्टे पडलेले, करंगळी तुटलेली, फोड आलेले, फोडावर चिंधी बांधलेले. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, काका कोयत्यांना लागले. त्यांचं म्हणणं साधं होतं. चप्पल घेताना माणूस नंबर सांगतो. कोयता घेताना सांगतो का कुणी?

बाजारात मिळणारा स्वस्तातला कोयता तुम्ही पाहिला असेल. पात्याला घाईघाईत लावलेली धार, मूठ कशीतरी चौकोनी तासलेली आणि त्यावर लग्नातल्या पाटासारखा लालभडक रंग. काका तो रंग काचेच्या तुकड्यानं खरवडून काढायचे. मग मूठच उपटून टाकायचे. बाभळीचा नाहीतर बोरीचा तुकडा घेऊन, समोर ज्याचा त्याचा मातीचा गोळा ठेवून, नवी मूठ कोरायचे. बोट जिथं रुततं तिथं खोलगट, जिथं टेकतं तिथं फुगीर. लाख वितळवून पातं त्यात बसवायचं आणि तोंडाशी जुन्या पंपाच्या पितळी नळीचं कडं ठोकायचं. पात्याला ग्राइंडरवर घ्यायचं, पण शेजारी पाण्याची बादली ठेवूनच. दोन घासे दिले की पाण्यात, दोन घासे दिले की पाण्यात. पातं तापून निळं पडलं की लोखंडाचं पाणी उतरलं, मग ते कोयत्याच्या कामाचं उरत नाही, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. मी जालन्याची आहे हे कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला होता. ज्या गावाच्या सळ्या देशभर जातात, तिथल्या बाईला लोखंड ओळखता येऊ नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "लोखंडाला अक्कल नसती, मॅडम. ती मुठीतून जाती."

दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली माणसं, बाया, नवेकोरे बाजारी कोयते घेऊन अंगणात यायची. लिंबाखाली बसून गोळे आवळायची. काका फिरत फिरत एकेकाला म्हणायचे, तुझा अंगठा वर सरकतोय, तू मनगटानं मारत असशील, संध्याकाळी खांदा दुखत असेल. समोरचा आश्चर्यानं मान डोलवायचा. काकू पलीकडे शेळ्यांना पाला टाकत टाकत ऐकायच्या आणि मला म्हणायच्या, "लोकायचे खांदे बघून राह्यले. घरात मीठ संपलंय ते बघायला डोळे न्हाईत." सुरुवातीला काका गोळ्यासाठी काकूंची मळलेली कणीकच पळवायचे म्हणे. काकूंनी एकदा त्याच कणकेच्या, बोटांच्या खुणांसकट, भाकरीएवढ्या जाड पोळ्या करून वाढल्या. तेव्हापासून गोदावरीच्या काठची माती घरात यायला लागली.

काकू धनगराच्या घरातल्या. माहेरी शेळ्यामेंढ्यांमागं वाढलेल्या. त्यांच्या शेळ्या म्हणजे त्यांचा सगळा संसार होता, आम्ही बाकीचे त्यात भाडेकरू. अंगणाच्या कडेला शेवरीची झाडं लावलेली होती. काकू रोज सकाळी त्यांच्या फांद्या तोडायच्या. त्यांच्या हातातही काकांनी केलेलाच कोयता असायचा, पण कौतुकाचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

मलाही एक कोयता मिळाला. छोटा, नारळ फोडायला, भोपळा कापायला. मुठीत धरला आणि मला हसू आलं, कारण तो मी धरला नव्हता, त्यानं मला धरलं होतं. आईला दाखवायला तो पिशवीत घालून जालन्याला निघाले, तर बसमध्ये पिशवीतून टोक बाहेर आलं. शेजारची बाई उठून मागं गेली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता शांतपणे विचारलं, "शाळेत आजकाल हे शिकवून राह्यले का, मॅडम?" काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. पेपरात कोयत्याच्या मारामाऱ्यांच्या बातम्या वाचून ते आधीच खट्टू असायचे. कोयत्याचं नाव खराब केलं लोकांनी, एवढंच म्हणाले.

आता एक माझं सांगते. झोप हा माझा एकमेव छंद आहे. रविवारी जेवण झालं की मी खोलीच्या दारात बाज टाकायची. वर लिंब, लांब पुलावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर, नदीकडून येणारा ओलसर वारा, नव्या मुठींना चोळलेल्या जवसाच्या तेलाचा वास. काकांनी वापरून टाकलेली पाती तारेला टांगलेली असायची, ती वाऱ्यानं एकमेकांना लागून किणकिणायची. काकू ओसरीत पदर तोंडावर घेऊन निजायच्या. त्या घरात मी जेवढी गाढ झोपले तेवढी आयुष्यात कुठं झोपले नाही. पुढं पुढं झोपेच्या काठावर एक बारीक आवाज यायचा. सर्र, सर्र. लिंबाची पानं असतील असं वाटायचं आणि मी आत बुडून जायची. अजूनही दुपारी डोळा लागताना कधी कधी मला तो आवाज येतो, आणि आपण कुठल्या गावात आहोत हे क्षणभर कळत नाही.

एका पावसाळ्यात काकूंच्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, मालिश झालं, पाय सावरला, तोंडही सरळ झालं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. काकू त्याच्याकडे बघायच्याही नाहीत.

शेळ्यांचं कोण बघणार? काकांना शेळ्या जुमानत नव्हत्या. पाला विकत आणून टाकला तर त्या तोंड लावायच्या नाहीत, आणि काकूही तशाच बसून राहायच्या. मी एकदोनदा फांद्या तोडायला गेले, त्याबद्दल न बोललेलं बरं. दिवाळीला मुलगा आला. तो वाळूजला कंपनीत, स्वभावानं सरळ. त्यानं आईचं सगळं बघितलं आणि जे कुठलाही मुलगा म्हणेल तेच म्हणाला. शेळ्या विकून टाकू, घराला कुलूप लावू, तुम्ही दोघं माझ्याकडे चला. मी संक्रांतीला टेम्पो घेऊन येतो.

काकू म्हणाल्या, "शेळ्या गेल्यावर मला कशाला नेतो? इथंच ऱ्हाऊ दे."

तो म्हणाला, "आई, तुझ्या हातानं तू पाला तोडून टाकत असती, तर मी एक शब्द बोललो नसतो."

बोलता बोलता निघालेलं वाक्य. पण काकांनी ते उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते काकूंच्या डाव्या हातात मातीचा गोळा देत होते. काकूंनी तो आवळला. आधीच्या सगळ्या मुठींत इतका उथळ ठसा मी पाहिला नव्हता. काकांनी तो फळीवर, काकूंच्या जुन्या उजव्या मुठीशेजारी ठेवला.

दिवाळी ते संक्रांत त्या अंगणात दुसरं काही चाललं नाही. ऊसतोडीची माणसं केव्हाच कारखान्यांकडे गेली होती, गाव निवांत होतं, आणि काका एका डाव्या हातासाठी कोयते घडवत होते. पहिला हलका केला, पातं घासून पातळ. काकूंनी फांदीवर मारला तर तो सालीवरून घसरला. मग जड केला, वजनानंच फांदी तुटावी म्हणून. तोही घसरला. मग मूठ वाकवली, मनगटात अडकवायला चामड्याचा फास लावला, टोक आखूड केलं, सायकलची ट्यूब गुंडाळली. प्रत्येक वेळी काकू कोयता उचलायच्या, मारायच्या, आणि पातं फांदीवरून बाहेर निसटायचं. धार कमी नव्हती. मी स्वतः उजव्या हातानं मारून बघितलं, माझ्यासारखीच्या हातूनही फांदी अर्धी चिरली. मग उरलं काय? डाव्या हातात जीव नाही, हेच. आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं. काकूंनाही.

एक दिवस त्यांनी कोयता खाली टाकला. "आता पुरे करा. माझ्या हातात न्हाई ऱ्हायलं काही. कशाला रोज रोज दाखवता मला?"

टाकलेला कोयता उचलून काकांनी तारेला टांगला. वारं आलं की तार आता जास्त वाजायची, आणि मला त्या आवाजाचा राग यायला लागला होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुलगा टेम्पो घेऊन आला. सोबत शेळ्यांचा व्यापारी. काका ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले. व्यापाऱ्यानं शेळ्यांचे दात बघितले, पाठी चाचपल्या, मान हलवली. काकू गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की सकाळपासून यांना कुणी काही टाकलं का. कुणी टाकलं नव्हतं.

"मंग उपाशी न्यायच्या? थांबा जरा."

गोठ्याच्या फाटकाला पाचर म्हणून एक कोयता अडकवलेला असायचा. लाल मुठीचा, बाजारातून आणला तसा. त्याची गोष्ट घरात थट्टेनं सांगितली जायची. काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी आराम सांगितला असताना त्यांना धीर निघाला नव्हता. हिरवा चष्मा लावून त्यांनी पातं शिकंज्यात धरलं ते पालथं, आणि धार घासली ती नको त्या अंगाला. कोयता वाया गेला म्हणून मूठही बदलली नाही, गोठ्याकडे भिरकावून दिला. तेव्हापासून तो पाचर होता.

काकूंनी तो डाव्या हातानं उपसला, शेवरीपाशी गेल्या आणि मारला. फांदी खाली पडली.

कुणाच्या काही लक्षात यायच्या आत त्यांनी दुसरी फांदी तोडली. मग तिसरी. शेळ्या धावल्या. व्यापाऱ्याच्या हातातली दोरी सुटली. काकू थांबल्या नाहीत, पदर खांद्यावरून घसरला तरी थांबल्या नाहीत, झाडाच्या एका बाजूचा पाला सगळा खाली आला. मुलगा टेम्पोला टेकून बघत होता.

काका उठून आले. त्यांनी कोयता हातात घेतला, पात्याच्या दोन्ही अंगांवरून अंगठा फिरवला आणि तिथंच पाल्यावर बसले.

कोयत्याला धार एकाच अंगाला असते. उजव्या हाताच्या माणसाला एका अंगाची, डाव्याला दुसऱ्या. उलटी पडली की पातं आत शिरत नाही, बाहेर निसटतं. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे डावरं पोर जन्माला आलं की त्याला मारूनमुटकून उजव्या हाताला लावतात. काकांच्या अंगणात डावा हात कधी गोळा आवळायला आलाच नव्हता. त्यांनी काकूंसाठी वजन बदललं, मूठ बदलली, टोक बदललं. धारेचं अंग तेवढं दरवेळी सवयीनं उजवीकडे काढलं.

"म्यां साऱ्या गावाचे हात बघितले," ते म्हणाले. "अन तुझ्या हाताला इतके दिवस खोटं पाडून राह्यलो. तो बिलकुल चांगला होता गं." आणि माणसांसमोर, व्यापाऱ्यासमोर, ते रडले. मलाही रडू आलं, लपवायचं काय त्यात.

काकू मात्र हसत होत्या. आजारपणानंतर पहिल्यांदा. टेम्पो रिकामा गेला. मुलानं शब्द पाळला, जाताना आईच्या पाया पडला आणि डाव्या हातानं दिलेला तिळगूळ एक दिवस आधीच घेऊन गेला.

पुढची गंमत अशी की काकांना आता तो कोयता नीट करायचा होता. लाल रंग खरवडायचा, बाभळीची मूठ बसवायची, पितळी कडं घालायचं. मातीचा गोळा तयारच होता. काकूंनी साफ नकार दिला. "याला हात लावायचा न्हाई. तुमच्या अकलेचा एकबी कोयता चालला न्हाई, चुकीचा चालला. ह्यो माझा हाय." काका रोज मागायचे, काकू रोज नाही म्हणायच्या. जगाचे कोयते सुधारणाऱ्या माणसाच्या घरात एक बाजारी कोयता लाल मुठीनिशी मिरवत होता. आल्यागेल्याला काकू सांगायच्या, बाजारातला हाय, मला मिळाल्यापासून ह्यांचा हातबी लागला न्हाई, तरी धार बघा, कवाच जात न्हाई. काका ऐकून घ्यायचे आणि आपल्या ग्राइंडरकडे वळायचे.

मग माझी बदली झाली, भोकरदनकडे, राजूरजवळच्या एका शाळेत. कधी फोन व्हायचा. काका गेल्याचं मुलानं कळवलं तेव्हा शाळेत परीक्षा सुरू होत्या, जाणं झालं नाही. सुट्टी लागल्यावर गेले.

अंगण तसंच होतं. ग्राइंडरवर गोणपाट टाकलेलं. फळीवर मुठी तशाच, माझीही होती, कडेला थोडी ढासळलेली. काकू शेवरीखाली उभ्या होत्या. मुलगा न्यायला आला होता, त्यांनी अजून काही दिवस मागून घेतले होते. मला बसवलं, पाणी दिलं, आणि कोयता माझ्यासमोर ठेवला. लाल रंग आता फक्त फटींमध्ये राहिला होता.

"पोरी, ते गेले अन महिन्याभरात ह्यो बोथट झाला," काकू म्हणाल्या. "आधी वाटलं, माझा हात पुन्हा चाललाय. मंग धारंवर अंगठा फिरवला."

कोयत्याची मूठ त्यांनी पदरानं पुसली.

"इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरले, ह्याची धार जात न्हाई म्हनून. जल्दी जाती, पोरी. बाजारातलं लोखंड हाय ते. मी दुपारी झोपले की लावत असतील. मशीन न्हाई, दगडावर, आवाज होऊ नये म्हनून. अन मी बोलायची तवा गप ऐकून घ्यायचे."

मला माझी दुपारची झोप आठवली. सर्र, सर्र. लिंबाची पानं.

ऊन चढलं तशी काकूंनी माझ्यासाठी बाज टाकली, तीच, त्याच जागी, आणि झोप थोडी म्हणाल्या. मग आतून काकांचा दगड आणला, पाणी शिंपडलं आणि जमिनीवर ठेवला. दगड हलू नये म्हणून त्यावर त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून ठेवला. तो जड हात तिथं बरोबर बसला. डाव्या हातात कोयता घेऊन, जपून, त्याच उलट्या अंगाला, त्या घासायला लागल्या.

मी डोळे मिटून पडले. वारा होता, ट्रकांची घरघर होती, आवाजही तोच होता. झोप काही आली नाही.